कालवांचा बांध

शलाका कुबलला चार दिवसांत टिपण लिहून द्यायचं होतं आणि तिची इंदूमावशी आठ दिवस फोन उचलत नव्हती.

टिपणाचा विषय एका ओळीचा होता. मोम्बासा कराराच्या दुसऱ्या टप्प्यात भारताने सामील व्हावं की नाही? २०५४च्या फेब्रुवारीत सह्या व्हायच्या होत्या. सही करणाऱ्या देशाला पुढच्या वीस वर्षांत कोळसा आणि तेल जाळणं जवळजवळ बंद करावं लागणार होतं. दिल्लीच्या कार्यालयात शलाका दहा वर्षं याच कराराची आकडेमोड करत होती. अमुक देशाने धूर इतका कमी केला, तर हवेत काय फरक पडेल आणि समुद्रात काय, हे तिच्याइतकं झटकन सांगणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"उत्तर 'नको' असंच आहे," तिचे वरिष्ठ भाटवडेकर म्हणाले होते. "कारणं तू लिहायचीस. आणि सगळ्यात मोठं कारण तर तुझ्या घरचंच आहे. मावशींकडून ताजे आकडे मागवून घे."

ते कारण म्हणजे इंदूमावशीचा बांध.

डॉ. इंदुमती तारी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. सिंधुदुर्गातल्या आंबेखोल नावाच्या गावात, खाडीकाठच्या दोन खोल्यांत, त्यांनी अठरा वर्षं कालवं वाढवली. कालवं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले. कोकणात ते कोयत्याने फोडून खातात आणि फोडताना बोटंही कापून घेतात. कालवाचं पिल्लू जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग एखादी टणक जागा शोधतं, अंगातून डिंकासारखा स्राव सोडून तिथे चिकटतं आणि जन्मभर हलत नाही. पुढची पिढी त्याच्या शिंपल्यावर चिकटते, त्याच्या पुढची तिच्यावर. इंदूमावशीने काय केलं, तर पिढ्यानपिढ्या निवड करत अशी कालवं तयार केली, ज्यांचा डिंक लाटांच्या माऱ्यातही तासाभरात धरतो. ती काथ्याच्या जाळ्यांवर बसवून खाडीच्या तोंडाशी ओळीने रोवली. पाच वर्षांत तिथे पुरुषभर उंचीचा बांध उभा राहिला. त्यानंतरही समुद्र वर्षाला बोटभर चढत होता, बांध दोन बोटं चढत होता. वादळात कुठे भगदाड पडलं, तर पुढच्या हंगामात ते आपोआप भरून येई. सिमेंटच्या भिंतीला हे कुठून जमणार?

मावशीने या कामाचं पेटंट घेतलं नाही. जो येईल त्याला शिकवलं. बांगलादेशातून, व्हिएतनाममधून, मोझांबिकमधून माणसं आंबेखोलला येऊन चार-चार महिने राहिली. जाळी विणायला शिकली, पिल्लं सांभाळायला शिकली आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या पाण्यातल्या कालवांवर तीच पद्धत वापरली. बारा वर्षांत एकवीस देशांच्या किनाऱ्यांवर असे बांध उभे राहिले. शलाकाला लहानपणापासून मावशीचं कौतुक होतंच. आता ते कौतुक जगाने वाटून घेतलं होतं.

पण त्यातून एक गोष्ट अशी घडली, जी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती.

असले करार मुळात भीतीवर चालतात. धूर कमी करण्याची झळ ज्याची त्याला सोसावी लागते, पण थंडावा सगळ्या जगाला मिळतो. म्हणून प्रत्येक देश दुसऱ्याकडे बघत बसतो. पहिल्या टप्प्यात जोर लावला होता तो बुडत्या किनाऱ्यांच्या देशांनी. मोठ्या देशांच्या दारात त्यांनी ठाण मांडलं, त्यांना लाजवलं, सह्या घ्यायला लावल्या. आणि आता नेमके तेच देश थंड पडले होते. त्यांच्याकडे बांध होता. आपलं घर वाचल्यावर गावची आग विझवायला धावणारे थोडेच असतात. दोन वर्षांत नऊ देश करारातून अंग काढून घेऊ लागले होते आणि दहावं नाव आपलं असावं, याचं टिपण शलाकाच्या टेबलावर आलं होतं.

तिने विमानाचं तिकीट काढलं.

आंबेखोलला ती पोचली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कार्तिकातलं ऊन खाडीवर चकाकत होतं. ओहोटी होती, त्यामुळे बांध उघडा पडला होता. करड्या, खडबडीत शिंपल्यांची पाऊण कोसाची भिंत, तिच्यावर बगळे बसलेले. बांधाच्या आतल्या बाजूला, जिथे शलाकाच्या लहानपणी भरतीचं पाणी चुलीपर्यंत यायचं, तिथे आता नव्या घरांची रांग होती. लाल कौलं, अंगणात सुपारीची रोपं.

मावशी बीजघरात होती. पिल्लं वाढवायच्या टाक्यांच्या त्या लांबट शेडला गाव बीजघर म्हणत असे. ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. त्रेसष्ट वर्षांची, अंगावर जुनी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. शलाकाला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"इलंस? बस. हात धुऊन ये आधी."

"मावशी, फोन का उचलत नाहीस? मला काळजी—"

"तू आकडे मागशील म्हणान. आकडे देऊचे नव्हते." मावशी बाजूला झाली. "ह्या बघ. काय दिसता तुका?"

शलाकाने डोळा लावला. उजेडाच्या गोलात चिमुकली पिल्लं फिरत होती. निरोगी पिल्लाचा शिंपला इंग्रजी 'डी' अक्षरासारखा रेखीव असतो, हे तिला लहानपणीच मावशीने दाखवलं होतं. ही पिल्लं तशी नव्हती. कुणाची कड कुरतडल्यासारखी, कुणाची पाठ चेपलेली. काही नुसतीच वळवळत होती, अंगावर शिंपलाच नाही.

"आजारी आहेत?"

"आजार नाय गो. पाणी बदललां."

मग मावशी स्टुलावर बसून शांतपणे सांगू लागली. विषय शिकवायचा असला की ती नेहमीच वर्गातल्या प्रमाण भाषेवर यायची. "आपण जो धूर सोडतो, त्यातला पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. पिऊन पिऊन तो आंबट होत चाललाय. तुला-मला चवीला कळणार नाही, पण पिल्लाला कळतं. शिंपला बांधायला त्याला पाण्यातून चुना वेचावा लागतो. पाणी आंबट झालं की चुना हाताला लागत नाही. लागला तरी विरघळतो. मोठं कालव तग धरतं, पिल्लू धरत नाही. सात वर्षांपूर्वी शंभरातली तीन पिल्लं अशी निघायची. यंदा एकवीस."

"आणि पुढे?"

"पुढे एक वर्ष असं येईल, की नवी पिल्लं चिकटणारच नाहीत. बांध वाढायचा थांबेल. जुने शिंपले किडे पोखरतील. समुद्र मात्र चढतच राहील." तिने खिडकीतून नव्या घरांकडे बघितलं. "बांध नसता तर ही माणसं वर डोंगराकडे गेली असती. माझ्या भरवशावर ती खाली येऊन राहिलीत."

 शलाकाच्या डोक्यात भाटवडेकरांचं वाक्य घुमत होतं. सगळ्यात मोठं कारण तुझ्या घरचंच आहे.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"तेच तर मला येत नाही. पाणी किती आंबट झाल्यावर पिल्लं मरतील, ते मी सांगते. पण ते पाणी तितकं आंबट कधी होईल, ते जग किती धूर सोडतं त्यावर आहे. ते गणित तुझं."

शलाकाने संगणक उघडला. दहा वर्षांत तिने हवेचं गणित हजार वेळा मांडलं होतं, समुद्राचंही मांडलं होतं, पण त्याच्या टोकाला कधी आंबेखोलची खाडी जोडली नव्हती. मावशीची सात वर्षांची निरीक्षणं तिने एका बाजूने घातली, देशांची वचनं दुसऱ्या बाजूने. दुपारपर्यंत उत्तर आलं. आत्ता चाललंय तसं चालू राहिलं, तर सतरा वर्षं. सगळ्या देशांनी सही करून करार पाळला, तर बांध शतकभरही मरणार नव्हता.

तिने भाटवडेकरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.  भाटवडेकर बुद्धिमान गृहस्थ होते, त्यांना लगेच पुढचं दिसलं.

"हे खरं असेल, तर एक मार्ग आहे," ते म्हणाले. "मावशींनी जाहीर करावं, की यापुढे जाळी आणि प्रशिक्षण फक्त सही करणाऱ्या देशांना. बघ कशा रांगा लागतील. नाहीतर गप्प राहावं. अर्धवट काही बोलू नये. बोलल्या, तर लोकांचा भरवसा उडून बांधांची चालू कामंही बंद पडतील आणि करारही जाईल."

शलाकाने फोन ठेवला आणि मावशीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली तर तिला स्वतःला पटलीही होती. हिशेबाने ती बिनचूक होती.

मावशी उठून टाकीतलं पाणी ढवळू लागली. "ती रुकैया होती ना, बांगलादेशातल्या बरिसालची? चार महिने आपल्याकडे राहिली. तिच्या गावात दोन हजार माणसं आहेत. तिला मी काय सांगू? तुमच्या सरकारने सही केली नाही, तेव्हा बुडा?"

"पण मावशी, त्याने सगळे सही करतील. शेवटी तिच्याच गावाचा फायदा."

"करतीलही. पण बुडणाऱ्याक आधी सही मागूची, ह्या माझ्या हातान होवचा नाय." तिने हात पुसले. "आणि गप्पय रवाचा नाय. आधी गावाक सांगूक व्हया, मगे जगाक."

संध्याकाळी पाचला देवळापुढच्या मांडवात गाव जमलं. सरपंच फिलोमिना डिसोजा पुढे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, ठसठशीत बाई. मासे सुकवायचा त्यांचा ओटा आणि नवं घर, दोन्ही बांधामागेच होतं. मावशी उभी राहिली. ना प्रस्तावना, ना सांत्वन. पिल्लांचे फोटो भिंतीवर लावले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला हा बांध कायमचा म्हणून दिला. तो कायमचा नाही. ही चूक माझी आहे. मला आधी कळायला हवं होतं."

शलाका मागे बसली होती. जगाने डोक्यावर घेतलेली बाई आपल्याच गावापुढे उभी राहून आपलं काम अपुरं आहे असं सांगत होती आणि तिचा आवाज एकदाही कापला नव्हता. 

मांडवात गलका उठला. कुणी रागावलं. एक म्हातारे काका ओरडले, "मगे आमका खाली कित्याक बोलयलास?"  मावशीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग फिलोमिनाबाई उठल्या. 

"बाय, खरा सांग. किती वर्सां?"

मावशीने शलाकाकडे बघितलं. शलाका उभी राहिली. "असंच चाललं तर सतरा. पण हा आकडा पक्का नाही. कोणता देश करारात येतो, कोणता जातो, त्यावर तो वरखाली होतो."

"म्हंजे दिल्लीत कोणी सही केली नाय, तर माझ्या बांधाचा वर्स कमी जाता?"

"हो."

"आनी केली तर वाडता?"

"हो."

"मगे ता लिव बांधार," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरान. गावान रोज बघूक व्हया. आमी सतरा वर्सां गप बसाक नाय इलो."

मावशी आणि शलाका एकमेकींकडे बघतच राहिल्या. अठरा वर्षं अभ्यास केलेली एक आणि दहा वर्षं गणितं केलेली दुसरी. दोघींनाही जे सुचलं नव्हतं, ते मासे सुकवणाऱ्या बाईला एका क्षणात सुचलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आंबेखोलच्या बांधावर फलक लागला. त्यावर एवढंच होतं: 'या बांधाची उरलेली वर्षं: १७'. आकडा शलाकाच्या गणिताशी जोडलेला होता आणि ते गणित तिने सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. मावशीने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक पत्र लिहिलं. पिल्लांचे फोटो जोडले, चूक कबूल केली आणि फलकाची गोष्ट सांगितली. परदेशातला पहिला फलक बरिसालला लागला. त्याखाली रुकैयाने आपल्या गावातल्या सगळ्या मुलांची नावं लिहिली होती.

दिल्लीला परतून शलाकाने टिपण लिहिलं. भाटवडेकरांनी ते दोनदा वाचलं.

"मी तुला 'नको'ची कारणं लिहायला सांगितली होती."

"कारण तेच आहे, सर. आपल्याकडे बांध आहे म्हणूनच सही करायला हवी. ज्याच्याकडे बांध नाही, त्याचं आधीच बुडालंय. ज्याने बांध घातला, त्याचंच आता सगळं पणाला लागलंय."

"यामुळे तुझी या कामावरून बदली होऊ शकते. ठाऊक आहे ना?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी यावर सहमतीचा शेरा मारणार नाही," ते म्हणाले. "पण अडवणारही नाही. जसंच्या तसं वर पाठवतो."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका मोठ्या देशाने, जगातल्या सर्वांत जास्त धूर सोडणाऱ्यांपैकी एकाने, करार सोडल्याचं जाहीर केलं. तोवर फलक एकवीस देशांत पोचले होते; त्या सकाळी साडेसहाशे बांधांवरचे आकडे बदलले. आंबेखोलचा सतरावरून पंधरावर आला. पूर्वी अशी बातमी पेपरच्या आतल्या पानावर यायची आणि कुणी वाचायचं नाही. आता माणसं बांधापाशी जाऊन उभी राहिली. बांधाच्या आयुष्यातली दोन वर्षं गेली होती. कुणी नेली, हेही ठाऊक होतं. फिलोमिनाबाई सतरा गावांच्या सरपंचांना घेऊन जिल्ह्याला गेल्या, तिथून मुंबईला, तिथून दिल्लीला. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या काठच्या मच्छीमारांनी आपल्या राजधानीत होड्या नेऊन उभ्या केल्या. मोझांबिकच्या शाळांतल्या मुली रोज सकाळी प्रार्थनेनंतर आकडा मोठ्याने वाचू लागल्या. बांध हा त्यांचा होता, हाताने विणलेला, दरवर्षी दुरुस्त केलेला. तो कुणी लांबून मारत असेल, तर तिथली माणसं गप्प बसणार नव्हती.

फेब्रुवारीत मोम्बासाच्या सभागृहात मावशीला बोलावलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती परदेशात आली होती आणि थंडगार सभागृहात शाल लपेटून बसली होती. शलाका शिष्टमंडळाच्या मागच्या रांगेत होती. एका देशाच्या मंत्र्यांनी जरा उपरोधानेच विचारलं, "डॉक्टर, म्हणजे आपला शोध अयशस्वी ठरला, असं आपण सांगायला आलात?"

मावशी शाल सावरून उभी राहिली.

"तो जिवंत आहे," ती म्हणाली. "जिवंत गोष्टीला जगायला काहीतरी लागतं. सिमेंटला काही लागत नाही, म्हणून ते तुमच्याकडे काही मागत नाही आणि फुटलं की फुटलं. मी तुमच्या किनाऱ्यावर एक जीव ठेवलाय. त्याला काय हवं, ते सांगायला आले. द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

ती खाली बसली.  

सह्या तीन दिवस चालल्या. अंग काढून घेऊ लागलेल्या नऊ देशांपैकी सात परत आले. भारताने दुसऱ्या दिवशी सही केली. टिपणातला एक परिच्छेद मंत्र्यांनी आपल्या भाषणात शब्दशः वाचला, कुणाचं नाव न घेता. करार लागू होण्यापुरती संख्या जमली, पण सगळे आले नाहीत. तो मोठा देश बाहेरच राहिला. आकडा पंधरावरून अडतीसवर गेला. शतक काही गाठलं नाही.

शलाकाची बदली झाली. तिने ती मागून घेतली आणि फलकांचं गणित सांभाळणाऱ्या नव्या केंद्रात गेली. ते केंद्र तिने रत्नागिरीला काढायला लावलं होतं.

पुढच्या आश्विनात ती आंबेखोलला गेली, तेव्हा मावशी अंगणात काथ्याची जाळी बांधून पेटीत भरत होती. पेटीवरचा पत्ता वाचून शलाका थबकली. त्याच मोठ्या देशाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या मच्छीमार संघाचा पत्ता. त्यांचं गाव दोनदा वाहून गेलं होतं आणि त्यांनी मावशीला पत्र लिहिलं होतं.

"मावशी, यांच्यामुळे आपली दोन वर्षं गेली!"

"त्या गावान नेली नाय ती."

"पण त्यांचं सरकार अजून सही करायला तयार नाही. आणि तू त्यांना जाळी पाठवतेस? शिकवायला माणसंसुद्धा?"

"माणसां नाय. मीच जातंय." मावशीने दोरीची गाठ दाताने घट्ट ओढली. "आतापर्यंत त्यांच्याकडे गमवायला काही नव्हतं. सगळं वाहूनच गेलं होतं. आता तिथे एक बांध उभा राहू दे. पाच वर्षांत तो पुरुषभर होईल. पोरं त्याच्यावर बसून गळ टाकतील, बायका त्याच्यामागे घरं बांधतील. आणि मग एक दिवस त्यांच्यातलीच कुणीतरी बाई उठून आपल्या सरकारला विचारेल, की माझ्या बांधाची वर्षं कमी का करताय?"

तिने पेटी शलाकाकडे सरकवली.

"धर दुसऱ्या बाजून. जड आसा."